पोकळ वाजणारा एक

स्वतःच्याच सोसायटीचं काम, म्हणून फी अर्धी.
उरलेली अर्धी सल्ल्यांच्या रूपाने आली.
पाटसकरांना पिवळा हवा. तळमजल्यावरच्या मॅडमना
कुठलाही चालेल, फक्त चिखल दिसणार नाही असा.
आणि मीटिंग संपून चहाचे कप गोळा होताना
कुणीतरी, "मधोमध एक कमळबिमळ काढता येईल का हो?"

मी राखाडी ठरवला. तिरका हेरिंगबोन, पंचेचाळीस अंशांत.
माणसं चालतील तिथे साठ मिलिमीटर जाडीचा ब्लॉक,
गाड्या वळतील तिथे ऐंशी.
उतार शंभराला दोन, जिन्याकडून बकुळीकडे,
तिच्या बुंध्याभोवती दीड मीटर माती मोकळी.
त्या दीड मीटरवरून अडीच तास भांडण.
"एक ॲक्टिव्हा बसते ताई तेवढ्यात."
बसते. मी कुठे नाही म्हटलं.

मल्लेश धोत्रे उरुळीहून ट्रक घेऊन
धनकवडीत पोचला तेव्हा दूधवालासुद्धा आला नव्हता.
मडकं घेताना वाजवून बघावं
तसे त्याने दोन-दोन ब्लॉक एकमेकांवर वाजवले,
अकरा बाजूला काढले.
लेव्हलचं यंत्र नव्हतं त्याच्याकडे. पाण्याची नळी होती,
एक टोक त्याच्या हातात, एक बायकोच्या,
मध्ये शब्द नाही, नुसत्या भुवया.
"पाणी खोटं बोलत न्हाई ताई. तुमचं ड्रॉइंग बोलतंय."
चेंबरचं झाकण माझ्या नकाशात दोन वीत डावीकडे होतं.

मग कच पसरला, फळीने ओढला,
आणि त्या कचावर पाय न देता
आधी बसवलेल्या ब्लॉकांवरच उकिडवे बसून
ते दोघं पुढे सरकत गेले.
रबरी हातोडा. टप. टप-टप.
सांध्यांत सिमेंट का नाही, हे मी विचारलं नव्हतं,
तरी त्याने सांगितलं,
"शिमिटानं तडकतंय. रेती ऐकून घेती."
कॉम्पॅक्टर फिरला ते दोन दिवस
सी विंगच्या कपाटांतल्या बश्या किणकिणत राहिल्या.
कमळ कुणी परत काढलं नाही.

बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत तपासनीस होते.
आता त्यांना उजेड कळतो आणि अंधार कळतो,
मधलं काही नाही.
बिल चुकतं होऊन चौथा महिना लागला असेल,
संध्याकाळची फेरी करून आले,
चपला काढता काढता म्हणाले,
"जिन्यापासून एकोणीस पावलं. डावीकडचा एक पोकळ वाजतोय."
मी खाली गेले. वाकून पाहिलं, टाच आपटून पाहिली.
काही नाही.
"तू बघत बघत चालतेस, म्हणून."

मल्लेश रविवारी आला, एकटाच, दोन स्क्रूड्रायव्हर घेऊन.
दाढ निघावी तसा आवाज करत ब्लॉक वर आला.
खाली कच नव्हता. मुंग्यांनी बराचसा नेलेला,
आणि रिकाम्या जागेत करंगळीएवढं मूळ,
ओलसर, पांढरट,
बकुळीपासून साडेचार मीटरवर.
माझे दीड मीटर तिने वाचलेच नव्हते.

त्याने कोयता मागितला नाही. मीही आणला नाही.
चुकून कुणाच्या घराचं दार उघडलं जावं
तसे आम्ही दोघं जरा वेळ तिथे.
मग त्याने मुळाच्या दोन्ही अंगांना मूठमूठ कच दाबला,
ब्लॉक परत ठेवला,
हातोड्याने नाही, तळहाताने.
बसला. पण तीन मिलिमीटर वर.
"किती द्यायचे?"
"कशाचे?"

पाटसकरांना ते तीन मिलिमीटर अजून सापडलेले नाहीत.
बाबांना रोज सापडतात.
एकोणिसाव्या पावलाला काठी अडते, किंचित चढते,
आणि ते डावीकडे मान वळवून उभे राहतात,
फुलांचे दिवस नसतानाही.